चाचांचं पहिलं मत

सकाळी सहा पन्नासला गाडी सुटायची. सहा पन्नास म्हणजे सहा पन्नास. सहा एकावन्नला दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या बिल्डिंगखाली चाचांची पांढरी गाडी नसायची, फक्त तिच्या एसीचं ठिबकलेलं पाणी असायचं. एकदा मी लिफ्टमध्ये अडकलो आणि बाहेर येतो तो गाडी कोपऱ्यावर वळत होती. धावलो, हात केले, फोन लावला. चाचा गाडी चालवताना फोन घेत नाहीत हे ठाऊक होतं, तरी लावला. सात पंचवीसला त्यांचाच फोन आला.

"हां, बोल. मिस कॉल दिसतोय तुझा. काय काम होतं?"

मी बसस्टॉपवर घामाने निथळत उभा. म्हटलं, "काही नाही चाचा, खलास."

"बरं. उद्या सहा पन्नास."

माझंच काय, चाची गावाहून व्हिजिटवर आल्या होत्या तेव्हा त्यांनाही एकदा असंच सोडून गेले होते. त्या दिवशी संध्याकाळी चाचींनी दार उघडलं नाही. चाचा अर्धा तास जिन्यात बसून होते, आणि "तिची पण काही वेळ असेल ना दार उघडायची," असं आम्हालाच समजावत होते.

आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून इंटरनॅशनल सिटी ते सिलिकॉन ओएसिस जायचो. ऑफिस एकच. फुकट न्यायचे. इकडे कारलिफ्टचे लोक, म्हणजे आपल्या गाडीतून रोज ऑफिसला नेणारे, महिन्याचे पैसे घेतात, चोरून. चाचा म्हणायचे, "एक दिरहॅम घेतला की मी टॅक्सीवाला झालो. आणि टॅक्सीचं लायसन माझ्याकडे नाय." मी एकदा संकोच म्हणून पाचाची नोट डॅशबोर्डवर ठेवून उतरलो. दुसऱ्या दिवशी ती पाकिटात घालून परत आली, सोबत 'परत मिळाले' असं लिहिलेला कागद. त्यावर माझी सही घेतली, स्वतःची केली, आणि मगच गाडी गिअरमध्ये टाकली.

आता या सहीबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायीच झालं.

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे. विशीत दुबईला आले. ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर व्हायच्या आधी अठरा वर्षं खोर फक्कानच्या बंदरावर टॅली क्लार्क होते. जहाजातून कंटेनर उतरला की नंबर बघायचा, शीटवर खूण करायची, खाली सही, तारीख, वेळ. अठरा वर्षं उन्हात उभं राहून हेच. त्यामुळे हातात पेन आणि समोर कागद आला की चाचांचा हात आपोआप खाली उजव्या कोपऱ्याकडे जायचा. "सही नसलेला कागद लावारिस असतो," हे त्यांचं वाक्य आमच्या ऑफिसातल्या फिलिपिनो रिसेप्शनिस्टलाही पाठ होतं, तेही मराठीत.

ऑफिसच्या बर्थडे कार्डावर बाकीचे 'मेनी हॅपी रिटर्न्स' लिहायचे आणि चाचा पूर्ण नावानिशी सही, तारीख, वेळ. जेवणाच्या डब्याच्या चिकटपट्टीवर सही. बाजारहाटाच्या यादीवर सही. एकदा घरी आले असताना माझ्या मुलीने त्यांना स्वतः काढलेला उंट दाखवला. "वा, छान!" म्हणाले आणि खाली झोकदार सही ठोकून दिली. पोरीने भोकाड पसरलं. "नाऊ इट लुक्स लाइक युवर ड्रॉइंग!" चाचा एवढे ओशाळले की काय सांगू. कोरा कागद मागून घेतला आणि मराठीत लिहून दिलं, 'सदर उंट माझा नाही.' खाली अर्थातच सही.

तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे.

आमचं कोकणवाल्यांचं एक मंडळ होतं. अजून आहे. हिंदू, मुसलमान, बँकवाले, साइटवाले, सगळे सभासद. वर्षाला एक स्नेहसंमेलन, मुलांच्या स्पर्धा, एक क्रिकेटची मॅच. अध्यक्ष होते एक साहेब. त्यांची स्वतःची कंपनी. मोठ्या मनाचा माणूस, हे आधीच सांगतो. हॉल तेच मिळवून द्यायचे, स्पॉन्सर तेच आणायचे. मयताचं सामान गावी पाठवायचं असो की कुणाचा पासपोर्ट अडकलेला असो, साहेब स्वतः उठून जायचे. त्यामुळे दर दोन वर्षांनी निवडणूक यायची आणि साहेब बिनविरोध निवडून यायचे. कुणी तरी 'एकमताने' म्हणायचं, टाळ्या व्हायच्या, आणि सगळे बटाटेवड्यांकडे वळायचे.

त्यात वाईट काय, असं मलाही वाटायचं. फक्त संमेलनाच्या जेवणात पहिली पंगत साहेबांच्या पाहुण्यांची, दुसरी फॅमिलीवाल्यांची, आणि कामगारांच्या कॅम्पातून बसने आलेली साइटवरची पोरं शेवटी. तोवर श्रीखंड संपलेलं असायचं. दर वर्षी संपायचं. दर वर्षी साहेब हळहळायचे.

तर त्या वर्षी मुलांची वक्तृत्व स्पर्धा होती. परीक्षक म्हणून एक बाई होत्या. अलिबागकडच्या. दिवसा एका लॅबमध्ये नोकरी, आणि रविवारी आमच्या पोरांना फुकट मराठी शिकवायच्या. त्यांची स्वतःची मुलगी स्पर्धेत होती आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत छान तीच बोलली. पण तीन मिनिटांच्या वर दहा सेकंद गेली. बाईंनी माइकवरून सांगितलं, "हिचा नंबर बाद." मुलगी सगळ्यांदेखत ओरडली, "मम्मा, दॅट्स सो अनफेअर!" बाई म्हणाल्या, "घरी गेल्यावर तुला पुरणपोळी करते. पण नंबर बाद." आणि साहेबांच्या नातवाला उत्तेजनार्थसुद्धा न देता खाली उतरल्या.

माझ्या शेजारी बसलेले चाचा ताठ झाले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात आपटला. "या बाई अध्यक्ष पायजेत."

"चाचा, अध्यक्ष साहेब आहेत."

"आहेत. चांगले आहेत. पण या पायजेत."

बाई मुळीच तयार नव्हत्या. म्हणाल्या, "चाचा, मला चाळीस माणसांचे पोहे करता येतात, भाषण करता येत नाही." चाचा म्हणाले, "भाषणवाले ढीग पडलेत. तुम्ही फक्त घड्याळ बघा." तीन रविवार त्यांच्या दारात जाऊन बसले. शेवटी बाई म्हणाल्या, पडणार हे नक्की असेल तर उभी राहते. चाचा म्हणाले, "पडणार हे जवळजवळ नक्कीच आहे." यावर दोघांचंही समाधान झालं.

सूचक म्हणून चाचांची सही. अनुमोदक हवा होता. चाचांनी गाडीतच फॉर्म माझ्यापुढे धरला, सहा अठ्ठेचाळीसला. दोन मिनिटांत काय विचार करणार? केली सही.

आणि मग मला आठवलं की माझ्या मेव्हण्याच्या व्हिसाचे कागद साहेबांच्या टेबलावर होते. गावात दोन वर्षं बेकार बसलेला पोरगा. साहेबांच्या कंपनीत स्टोअरची जागा होती आणि साहेबांनी 'बघतो' म्हटलं होतं. बायकोने मी सही केल्याचं ऐकलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

चाचांचा प्रचार बघण्यासारखा होता. आम्ही दोघं घरोघर जायचो. चाचा कुणाचा चहा घ्यायचे नाहीत, कारण मत मागायला आलोय आणि चहा प्यायला तर ती लाच कुणी कुणाला दिली हे ठरवणं कठीण. मी आपला मुकाट्याने त्यांच्या वाटचा पण प्यायचो. आणि मग चाचा सुरू व्हायचे.

"बाईंचा आवाज बारीक आहे. मागे ऐकू येत नाय. स्पॉन्सर एक पण ओळखीचा नाय. हॉल कुठून आणतील, मला माहीत नाय. साहेब पण चांगले आहेत, त्यांनी माझ्या भाच्याला हॉस्पिटलात मदत केलीय. आता बोला, मत कोणाला?"

"चाचा," मी जिन्यात कपाळावर हात मारून घ्यायचो, "प्रचार असा करतात होय? आपल्या उमेदवाराचं काही चांगलं सांगाल की नाही?"

"चांगलं ते बघतील ना स्वतः. वाईट आपण सांगायला पायजे. नंतर कोण बोलेल, चाचांनी फसवलं."

एका खोलीत साइटवरची आठ पोरं राहत होती, दुमजली खाटांवर. रविवारची सुट्टी, कुणी कपडे धुतंय, कुणी गावाला व्हिडिओ कॉल लावून बसलंय. चाचांनी आवाज बारीक आहे वगैरे सगळं सांगितलं. एकजण म्हणाला, "मॅडम आल्या तर आमचा काय फायदा?"

"काय पण नाय," चाचा म्हणाले. पोरं हसली. मग चाचा जरा विचार करून म्हणाले, "रांग लावतील. आणि लावली की सगळ्यांना लावतील. साहेबांच्या पाहुण्यांना पण."

हसू थांबलं. खाटेवरचा एकजण हळूच म्हणाला, "म्हणजे श्रीखंड?"

"इन्शाल्ला," चाचा म्हणाले.

त्या दिवशी परत येताना मला पहिल्यांदा वाटलं की अरेच्चा, हे जमतंय की काय! आणि लगेच मेव्हण्याचे कागद आठवले. जिंकण्याची भीती वाटणारा अनुमोदक जगात मी एकटाच असेन.

गाडीत चाचांनी एक गोष्ट सांगितली. सहज, सिग्नलला थांबलेले असताना. साठ वर्षं पूर्ण झाली होती, कंपनी व्हिसा पुढे वाढवणार नव्हती, ईदनंतर कायमचं गावी जायचं होतं. ते मला ठाऊक होतं. हे नव्हतं ठाऊक. "विशीत आलो इकडे. गावाला निवडणूक असली की मी इथे, मी गावाला गेलो की निवडणूक नाय. आणि इथे आपलं मत कुठलं? आयुष्यात एकदा पण मत नाय दिलं मी. हे पहिलंच." मग सिग्नल हिरवा झाला. "पहिलं मत चांगल्या माणसाला पडलं पायजे की नको?"

मतदानाच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला. एका शब्दाने निवडणुकीचं बोलले नाहीत. "अरे, तुझ्या मेव्हण्याचे कागद बघितले हां मी," म्हणाले. "काळजी करू नको. यल्ला, चल, उद्या भेटू." एवढंच. रात्रभर मी त्या 'उद्या भेटू'चा कीस काढत होतो.

एका उडपी हॉटेलच्या वरचा हॉल. रविवारी सकाळी अकराची वेळ. चाचा कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, अत्तर लावून, दहा पन्नासलाच हजर. मंडळाची घटना त्यांनी आठवडाभर ग्रुपवर तीनदा टाकली होती. कलम चौदा: मतदान गुप्त राहील, चिठ्ठीवर नाव, सही वा ओळख पटेल अशी खूण आढळल्यास मत बाद. दारात उभं राहून ते आत येणाऱ्याला बजावत होते, "फक्त फुली मारायची. बाकी काय पण लिहायचं नाय." निवडणूक अधिकारी म्हणून शारजाहून एक वयस्कर डॉक्टर आले होते. वॉटर कूलरमागे पडदा लावून मतदानाची सोय केली होती.

मी पडद्याआड गेलो. दोन नावं. हातात पेन.

आता लाज सोडूनच सांगतो. मी साहेबांपुढे फुली मारली. बाहेर अनुमोदक, आत हा उद्योग. गुप्त मतदान होतं, कुणाला कळणार नव्हतं. तरी मी घाबरलो. उद्या साहेबांनी विचारलं तर 'मत तुम्हालाच दिलं' हे निदान खरं सांगता यावं, असं काहीतरी डोक्यात होतं. आणि बाई तशाही पडणारच होत्या, एका मताने काय फरक पडतो?

मोजणी सुरू झाली. सात-आठ चिठ्ठ्यांनंतर डॉक्टरांनी एक चिठ्ठी उलटसुलट केली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ही एक बाद," म्हणाले. "बाईंपुढे फुली आहे, पण खाली सही आहे. तारीख आहे. आणि अकरा बेचाळीस अशी वेळपण."

सगळा हॉल हसला. नाव घ्यायची गरजच नव्हती. चाचांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं.

हसणं पुढे मोजणीबरोबर कमी होत गेलं, कारण चिठ्ठ्या बरोबरीने पडत होत्या. साइटवरच्या पोरांनी काम केलं होतं. शेवटी डॉक्टरांनी आकडे वाचले. साहेब त्रेचाळीस. बाई बेचाळीस. बाद एक.

हिशेब सगळ्यांना कळला होता. माझा हिशेब मात्र एकट्या मलाच कळत होता.

साहेब उठले. मोठा माणूस, म्हटलं ना. म्हणाले, "डॉक्टर, धरा ते मत. चाचांची सही आहे, तिच्याएवढी खात्रीची गोष्ट या हॉलमध्ये दुसरी नाही. बरोबरी झाली तर बाई आणि मी एकेक वर्ष वाटून घेऊ." टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

डॉक्टर बाईंकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

बाईंनी घटना मागून घेतली. कलम चौदा वाचलं. चाचांकडे एकदा पाहिलं. मग त्या बारीक आवाजात, माइकशिवाय, म्हणाल्या, "बाद आहे. चाचा, माफ करा."

मागे ऐकू गेलं नाही. पुढच्यांनी मागच्यांना सांगितलं, मग मागे एक मोठा सुस्कारा उठला. आणि त्यात एकटेच चाचा उभे राहून टाळ्या वाजवत होते. डोळे भरलेले आणि चेहरा हा असा फुललेला. "बघितलंत? बघितलंत ना? म्हणून सांगत होतो मी!"

खाली गाडीत बसलो. चाचांनी किल्ली लावली आणि फिरवलीच नाही.

"पहिलंच होतं रे," म्हणाले.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. सीटबेल्ट लावला. तो क्षण गेला तो गेलाच. पुढे महिनाभर रोज सहा पन्नासला गाडी निघायची आणि सिलिकॉन ओएसिस येईपर्यंत कधीतरी चाचा म्हणायचे, "माझ्या एका सहीने बाई पडल्या बघ." मागचे दोघं म्हणायचे, "जाऊ द्या चाचा." मी खिडकीतून बाहेर बघायचो.

मेव्हणा आला. जागेवर रुजू झाला. त्याचे कागद फाइलला लावताना मी साहेबांची सही बघितली, आणि खालची तारीखही. मतदानाच्या तीन दिवस आधीची होती. साहेबांनी माझ्या मतासाठी काही अडवून ठेवलंच नव्हतं. मी उगाचच विकला गेलो होतो, आणि समोर गिऱ्हाईकच नव्हतं.

ईद झाली. चाचांना एअरपोर्टला सोडायला मी गेलो. गाडी त्यांनी मलाच दिली होती, सगळ्या कागदांवर चार चार सह्या करून. मी चालवत होतो, ते शेजारी, मागे बांधलेली खोकी. टर्मिनलच्या रांगेत गाडी हळू झाली आणि मला आता राहवेना.

"चाचा, एक सांगायचंय. त्या दिवशी मी माझं मत..."

"थांब."

त्यांनी हात वर केला होता.

"गुप्त मतदान आहे. कलम चौदा. सांगायचं नाय."

"पण चाचा, तुम्ही स्वतःला दोष देताय आणि खरं तर..."

"मी एकदा मोडलं कलम चौदा. बाईंनी सगळ्यांसमोर बाद केलं, बरोबर केलं. आता तू नको मोडू." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुढच्या खेपेला परत आहे ना निवडणूक? मग झालं तर. गाडी सहा पन्नासला सोड. मागच्या दोघांना सवय आहे."

त्यांना कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. ट्रॉली ढकलत गेले, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मी गाडीत बसून रडलो, हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

पुढच्या खेपेला सूचक मी होतो. घरोघर गेलो, चहा घेतला नाही. बाईंचा आवाज बारीक आहे, हे पहिल्यांदा सांगितलं. साहेबांना आधी जाऊन भेटलो आणि म्हटलं, साहेब, माझं मत बाईंना आहे. साहेब म्हणाले, "अरे, गेल्या वेळेलाही होतंच की!" मी मान खाली घातली.

पडद्याआड गेलो, बाईंपुढे फुली मारली आणि पेन हातातच राहिलं. शपथेवर सांगतो, सही करायची एवढी अनावर इच्छा मला आयुष्यात कधी झाली नव्हती. खाली उजव्या कोपऱ्यात, पूर्ण नाव, तारीख, वेळ. या वेळी फुली कुणापुढे आहे ते कुणाला तरी दिसलं असतं. पण चिठ्ठी घडी केली आणि पेटीत टाकली.

निकाल लागल्या लागल्या जिन्यात येऊन गावी फोन लावला. मागे खाडीवरचा वारा ऐकू येत होता.

"चाचा, निकाल लागला!"

"बाद किती?"

"एकही नाही."

"माशाल्ला," चाचा म्हणाले. "बस, मग मजा. आता सांग, कोण आलं?"

"बाई आल्या! नऊ मतांनी! वर श्रीखंडाची रांग लागलीय, सगळ्यांची एकच. साहेब बाराव्या नंबरला उभे आहेत." पलीकडे चाचा चाचींना ओरडून सांगत होते, चाची काहीतरी उलट ओरडत होत्या. मला भरून आलं. म्हटलं, आता तरी. "आणि चाचा, ऐका ना, या वेळी मी माझं मत..."

फोन कट झाला होता.